जॉर्ज फर्नांडिस आणि मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्ज फर्नांडिस हे नाव काढलं की सत्तरीतला मुंबईकर बंद पडलेल्या बसगाड्यांच्या गोष्टी सांगतो. चाळिशीतल्याला कारगिल आणि तहलका आठवतं. विशीतल्या मुलांना ‘कोका-कोला घालवणारे मंत्री’ एवढंच माहीत असतं. माणूस एकच, आणि माझ्या मते तो समजून घ्यायचा तर सुरुवात दिल्लीतून किंवा बिहारमधून करून चालत नाही, मुंबईच्या रस्त्यावरूनच करावी लागते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ती लांबण्यासारखीच आहेत.

जॉर्ज मूळचे मुंबईचेच ना?

नाही, मंगळूरचे. जन्म ३ जून १९३०. पंचम जॉर्ज राजाची जन्मतारीख तीच आणि आईला त्या राजाचं कौतुक, म्हणून मुलाचं नाव जॉर्ज. पुढे हाच मुलगा समाजवादी नेते राममनोहर लोहियांचा चेला झाला, हा भाग वेगळा! सहा भावंडांत हे थोरले. घरच्यांची इच्छा होती की पोराने पाद्री व्हावं, म्हणून १९४६ मध्ये त्यांना बंगळूरच्या सेमिनरीत धाडलं. तिथे त्यांचं मन फार काळ रमलं नाही. वरिष्ठ धर्मगुरूंचं टेबल वेगळं, जेवण वेगळं, आणि शिकणाऱ्या मुलांच्या ताटात साधंसुधं, हे त्यांना खटकलं. देवाच्या घरातही पंगतभेद असेल तर इथे कशाला राहायचं, असा विचार करून ते बाहेर पडले आणि १९४९ च्या सुमारास मुंबईला आले.

मुंबईत आल्यावर पोटापाण्याचं काय केलं?

सुरुवातीला काहीच नव्हतं. रात्री चौपाटीच्या बाकावर झोपायचं, मध्यरात्री हवालदाराने उठवलं की दुसरीकडे जायचं, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. मग एका इंग्रजी वर्तमानपत्रात प्रूफं तपासायचं काम मिळालं. त्याच काळात गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो भेटले. बंदरातली हमाली, पाळ्या, कंत्राटदारांची मुजोरी, त्यातून संघटना कशी उभी करायची, हे जॉर्ज त्यांच्याकडे शिकले. विचार राममनोहर लोहियांचा आणि हाताला वळण डिमेलोंचं. १९५८ मध्ये डिमेलो गेले आणि त्यांच्या कामाचा मोठा भार जॉर्जवर आला. वय अवघं २८.

त्यांच्या युनियन नेमक्या कोणत्या? ‘बंद सम्राट’ का म्हणायचे?

महापालिकेचे कामगार, बेस्ट या शहरी बससेवेचे कामगार, टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरं आणि गोदीतलं काम. ही यादी जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ‘बंद सम्राट’ या पदवीचं गुपित तिच्यातच आहे.

गिरणीत संप झाला तर नुकसान मालकाचं. भोंगा वाजला नाही तरी गिरगावात दूध येतं, फोर्टातली कचेरी उघडते. पण पालिकेच्या सफाई कामगाराने झाडू खाली ठेवला, बेस्टची पहिली बस डेपोतून निघाली नाही आणि व्हीटीबाहेरचा टॅक्सी स्टँड रिकामा राहिला, तर दुपारपर्यंत सगळ्या शहराला कळतं. जॉर्जनी अशाच माणसांना एकत्र बांधलं ज्यांच्याशिवाय मुंबईचा एक दिवस निघत नाही आणि ज्यांच्याकडे एरवी मुंबई ढुंकूनही बघत नाही. कचऱ्याची गाडी, गटार, बस, टॅक्सी, हॉटेलचा भटारखाना. बुद्धिबळात प्यादी हलवून राजाला कोंडावं तसा तो डाव होता.

बंदची तयारी भाषणांनी होत नसे, ती होई द्वारसभांनी. पहाटे चारच्या सुमारास डेपोच्या गेटवर पाळी बदलत असते. रात्रपाळीचा माणूस डोळे चोळत बाहेर येतो, सकाळचा ड्रायव्हर-कंडक्टर डबा घेऊन आत निघालेला असतो. कुणी स्टुलावर, कुणी कठड्यावर उभा राहून बोलतो, पाच-दहा मिनिटांत मागणीपत्रातले दोन मुद्दे सांगतो, आणि पहिली गाडी फाटकाबाहेर पडली नाही की निम्मा बंद तिथेच झालेला असतो. विस्कटलेले केस, चुरगळलेला सदरा, कोरडा झालेला आवाज आणि एका गेटवरून दुसऱ्या गेटवर धावपळ, हे जॉर्जचं त्या काळातलं रूप.

हे सगळं गोड गोड होतं असं समजू नका. बंदच्या दिवशी ज्याचं हातावर पोट, त्याचीही मजुरी बुडायची. मध्यमवर्ग चरफडायचा. संपाचं हत्यार वारंवार उपसलं तर त्याची धार जाते, ही टीका तेव्हाही होत होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण पालिकेतल्या झाडूवाल्याला पगारवाढ, रजा, वर्दी आणि माणूस म्हणून थोडा मान मिळाला त्यात या युनियनचा वाटा मोठा होता, हेही टीकाकारांना मान्य करावं लागलं.

म्हणजे गिरणी संपही जॉर्जनीच केला?

अजिबात नाही. हा घोळ फार जण घालतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप दत्ता सामंतांचा. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. जॉर्ज तोवर मुंबईच्या राजकारणातून बरेच दूर गेले होते.

गिरण्यांमध्ये जॉर्जनी का हात घातला नाही, याला एक कायदेशीर कारणही होतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरणी धंद्यात एकाच युनियनला ‘प्रातिनिधिक’ म्हणून मान्यता असे, आणि ती काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. त्याच्याविरुद्ध लाल बावट्यालाही, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनलाही, वर्षानुवर्षं झगडावं लागलं. टॅक्सी आणि हॉटेलांत तशी भिंत नव्हती.

मराठी येत होतं का त्यांना?

उत्तम. मातृभाषा कोंकणी. शिवाय तुळू, कानडी, हिंदी, इंग्रजी, तमीळ, उर्दू, मल्याळम आणि सेमिनरीतली लॅटिन, एवढ्या भाषा त्यांच्या नावावर सांगतात. याला लोक हुशारीचं लक्षण समजतात. मला ते कामाचं हत्यार वाटतं. टॅक्सीवाला उत्तरेकडचा, उडप्याच्या हॉटेलातला पोऱ्या तुळू नाहीतर कानडी बोलणारा, पालिकेचा सफाई कामगार कधी कोकण-घाटावरचा, कधी काठेवाडचा, कधी तमीळ. मुंबईत युनियन चालवायची तर एका भाषेवर भागतच नाही.

ते नगरसेवक होते?

हो, १९६१ ते १९६८. ज्या पालिकेच्या कामगारांचे पुढारी, त्याच पालिकेच्या सभागृहात सदस्य. प्रशासनाला हे किती सोयीचं वाटत असेल याची कल्पना करा!

स. का. पाटलांना पाडलं ती निवडणूक एवढी का गाजली?

कारण पाटील पडू शकतात हेच कुणाला खरं वाटत नव्हतं. सदाशिव कानोजी पाटील म्हणजे मुंबईचे बिनमुकुटाचे राजे. तीनदा महापौर, मुंबई काँग्रेसची सगळी सूत्रं हातात, व्यापारीवर्ग पाठीशी, आणि १९६७ ला निवडणुकीला उभे राहिले तेव्हा देशाचे रेल्वेमंत्री. स्वतः सिंधुदुर्गाकडचे, तरी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी घेतलेली बाजू मराठी मतदार विसरला नव्हता. मुंबई महाराष्ट्राला मिळू न देण्याची त्यांच्या तोंडची ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ची भाषा तर म्हणीसारखी लोकांच्या ओठावर होती.

समोर ३६ वर्षांचे जॉर्ज, संयुक्त समाजवादी पक्षाचे उमेदवार. पैसा नाही. पण टॅक्सीवाले, बेस्टवाले, पालिकेचे कामगार असं एक फिरतं प्रचारयंत्र मात्र होतं, जे पैशाने उभं राहत नाही. आपल्याला देवसुद्धा पाडू शकत नाही, असं पाटील बोलून गेल्याची बातमी पसरली. समाजवाद्यांनी ती उचलली आणि भिंती रंगवल्या: देव पाडू शकत नसेल, तुम्ही पाडू शकता. मतदाराला इतक्या थोड्या शब्दांत इतका मोठा मान क्वचितच कुणी दिला असेल.

जॉर्जना निम्म्याच्या आसपास मतं पडली आणि ते दक्षिण मुंबईतून लोकसभेत गेले. ‘जायंट किलर’ ही उपाधी तेव्हापासून त्यांना चिकटली. पाटलांच्या विरोधातल्या मतांमध्ये सगळीच काही समाजवादाची मतं नव्हती. संयुक्त महाराष्ट्राचा राग होता, महागाई होती, धान्यटंचाई होती आणि वीस वर्षांच्या सत्तेचा कंटाळा होता. जॉर्जचं कसब एवढंच की हे सगळं एका पेटीत पडेल अशी व्यवस्था त्यांनी केली.

मग मुंबई सोडून बिहारला का गेले?

मुंबईने त्यांना दुसऱ्यांदा निवडून दिलं नाही म्हणून. १९७१ मध्ये इंदिराबाईंची लाट होती, ‘गरिबी हटाव’ची घोषणा होती, आणि दक्षिण मुंबईत जॉर्ज पडले. त्यानंतर इथून ते कधीच लोकसभेत गेले नाहीत. १९७७ ला तुरुंगातून अर्ज भरला तो मुझफ्फरपूरहून, कारण लोहियावाद्यांची खरी ताकद बिहारमध्ये होती. पुढे मुझफ्फरपूर, मग नालंदा. मधे १९८४ ला बंगळूरमधून उभे राहिले आणि जाफर शरीफांकडून हरले.

इथे मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मुंबईत जॉर्जच्या पाठीशी संघटना होती, बिहारमध्ये मतदारसंघ होता. युनियनचा कामगार पुढाऱ्याला दर आठवड्याला गेटवर पकडून जाब विचारतो. मतदारसंघ पाच वर्षांनी विचारतो, तोही जातीपातीच्या गणितातून. जॉर्जच्या पुढच्या कोलांट्यांचं मूळ मला तरी इथे दिसतं.

१९७४ चा रेल्वे संप नेमका कशासाठी होता?

१९७३ मध्ये जॉर्ज अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. रेल्वेत तेव्हा इंजिनावरच्या माणसांना किती तास राबावं लागेल याला धरबंध नव्हता. गाडी चालू असेपर्यंत ड्रायव्हर आणि फायरमन ड्युटीवर, मग ते दहा तास असोत की त्याहून जास्त. मागण्या मुख्यतः अशा: आठ तासांचं काम, सार्वजनिक उद्योगांतल्या कामगारांइतका पगार, बोनस, महागाई भत्ता, आणि वर्षानुवर्षं ‘हंगामी’ म्हणून राबणाऱ्यांना कायम करणं.

वाटाघाटी चालू असतानाच २ मे १९७४ ला जॉर्जना लखनौमध्ये पकडलं. तरीही ८ मे रोजी संप सुरू झाला. सुमारे १७ लाख रेल्वे कामगार, जगातल्या सगळ्यात मोठ्या संपांपैकी एक. मुंबईत टॅक्सीवाले आणि बेस्टवाले पाठिंब्याला उतरले. ही जॉर्जची जुनी फौज. सरकारने हजारो कामगारांना तुरुंगात टाकलं, कामावरून काढलं, प्रादेशिक सेना बोलावली. रेल्वेच्या वसाहतींमध्ये तर संपकऱ्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यापर्यंत मजल गेली. २७ मे रोजी संप बिनशर्त मागे घ्यावा लागला.

म्हणजे संप फसला का? त्या दिवशी तरी फसला. पण उत्पादकतेशी जोडलेला बोनस रेल्वे कामगारांना १९७९ मध्ये मिळायला लागला आणि आजही दसऱ्याच्या आधी तो जाहीर होतो. इंदिरा गांधींच्या मनात विरोधकांबद्दल जी धास्ती बसली त्यात या वीस दिवसांचा वाटा होता, असं बरेच अभ्यासक मानतात. वर्षभराने आणीबाणी आली.

बेड्या घातलेला तो फोटो कधीचा? डायनामाइट खरंच होतं का?

आणीबाणी लागली तेव्हा जॉर्ज ओडिशात गोपाळपूरला होते. तिथूनच भूमिगत झाले. दाढी वाढवली, कधी शीख, कधी कोळी, कधी साधू असं फिरत राहिले. १० जून १९७६ ला कोलकात्यात सापडले. रेल्वेमार्ग आणि सरकारी मालमत्ता उडवण्यासाठी डायनामाइट जमवल्याचा आरोप त्यांच्यासह २५ जणांवर ठेवला गेला. हाच बडोदा डायनामाइट खटला. डायनामाइट जमवण्याचा बेत होता हे त्यांच्या साथीदारांनी पुढे फारसं नाकारलं नाही. कुणाचा जीव जाता कामा नये अशी अट होती, असं ते सांगत. गांधींचं नाव घेणाऱ्या समाजवाद्यांना हे कसं पटलं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. खटला निकालापर्यंत गेलाच नाही, सरकार बदलल्यावर १९७७ मध्ये मागे घेतला गेला.

फोटो त्या खटल्याच्या काळातला. कोर्टात नेताना हाताला साखळी, आणि तोच हात वर उचललेला, मूठ नव्हे तर अख्खा दंड, साखळी लोंबकळते आहे. मुझफ्फरपूरच्या प्रचारात उमेदवार नव्हता, हा फोटो होता. तीन लाखांहून जास्त मताधिक्याने ते निवडून आले.

या प्रकरणात एक नाव विसरलं जातं: स्नेहलता रेड्डी. बंगळूरच्या अभिनेत्री. जॉर्जशी संबंध असल्याच्या कारणावरून त्यांना अटक झाली. दम्याचा विकार, तुरुंगात उपचारांचे हाल. सुटका झाल्यावर काही दिवसांतच, जानेवारी १९७७ मध्ये, त्या वारल्या. जॉर्जचे भाऊ लॉरेन्स यांनाही पोलिसांनी बेदम छळलं. जॉर्जचा ठावठिकाणा हवा होता म्हणून.

कोका-कोला त्यांनी हाकलली का?

हो आणि नाही. कायदा होता इंदिरा गांधींच्या काळातला, १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा. त्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता. जनता सरकारात उद्योगमंत्री झालेल्या जॉर्जनी तो कायदा कोका-कोला आणि आयबीएम यांना लावायचा आग्रह धरला. कोका-कोलाला भांडवलाइतकीच आपल्या गुप्त कृतीची काळजी होती. १९७७ मध्ये तिने गाशा गुंडाळला, पाठोपाठ आयबीएमनेही.

मग सरकारने ‘डबल सेव्हन’ नावाचं पेय काढलं, जे फार कुणाच्या जिभेवर रुळलं नाही. खरा फायदा झाला मुंबईच्या पार्लेचा. त्यांचं थम्स अप त्याच वर्षी आलं आणि पोरासोरांपासून इराण्याच्या हॉटेलापर्यंत सगळीकडे पोचलं. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने थम्स अपच विकत घेतलं. समाजवादी उद्योगमंत्र्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत वाढलेला देशी ब्रँड आज त्याच कंपनीच्या गल्ल्यात भर घालतो. याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

१९७९ ला काय घडलं?

मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वास ठराव आला. जॉर्जनी लोकसभेत सरकारची जोरदार बाजू मांडली आणि दोन-तीन दिवसांत ते पलीकडे गेले. जनता पक्षात आलेल्या जनसंघवाल्यांचं (पुढच्या भाजपवाल्यांचं) राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही असलेलं दुहेरी सदस्यत्व हा त्या वेळी वादाचा विषय होता. मधू लिमयांसारख्या सहकाऱ्यांचा दबाव होता, हे खरं. पण ते भाषण आणि ती उडी, दोन्ही त्यांच्या नावावर कायमची राहिली.

कोकण रेल्वेचं श्रेय जॉर्जचं की मधू दंडवत्यांचं?

कोकणी माणसाच्या घरी गणपतीत हा वाद हमखास निघतो. खरं सांगायचं तर दोघांचं, आणि रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांचंही. दंडवते राजापूरचे खासदार, रेल्वेसाठी वर्षानुवर्षं भांडलेले. डिसेंबर १९८९ मध्ये वि. प्र. सिंह यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज रेल्वेमंत्री. एकाच्या हातात तिजोरी, दुसऱ्याच्या हातात रूळ, आणि जॉर्ज स्वतः मंगळूरचे. असा योग पुन्हा जुळला नसता.

अडचण पैशाची होती. नेहमीच्या पद्धतीने रेल्वे अर्थसंकल्पातून तुकड्यातुकड्याने पैसा घेत बसलं तर आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या. म्हणून वेगळं महामंडळ काढायचं ठरलं. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चार राज्यांनी भांडवलात वाटा उचलायचा, बाकी पैसा रोख्यांतून उभा करायचा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबरात सरकार पडलं, मंत्री गेले, पण महामंडळ राहिलं, काम थांबलं नाही. माझ्या मते जॉर्जच्या मंत्रिपदाच्या अख्ख्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. सरकार टिकणार नाही याची जाणीव असल्यासारखी त्यांनी व्यवस्थाच अशी करून ठेवली की मंत्री असो-नसो, गाडी पुढे जावी.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा तो उंच पूल. पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. त्याआधी चाकरमान्याला एसटीच्या लाल डब्यात रात्रभर घाट चढत-उतरत जावं लागे, आणि त्याच्याही आधी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने.

योगायोग बघा, ज्या रेल्वेमंत्र्याला मुंबईत पाडून जॉर्ज लोकसभेत गेले, त्याच स. का. पाटलांच्या मुलखातून जाणारी रेल्वे जॉर्जच्या कारकिर्दीत मार्गी लागली.

आयुष्यभर समाजवादी असलेला माणूस भाजपबरोबर कसा गेला?

१९९४ मध्ये लालूप्रसादांशी बिनसल्यावर जॉर्ज आणि नितीशकुमार यांनी समता पक्ष काढला. बिहारमध्ये एकट्याने निभाव लागेना, म्हणून १९९६ ला भाजपशी हात मिळवला. पुढे ते राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे निमंत्रक झाले. घटक पक्षांचे रुसवेफुगवे काढायचं काम त्यांच्याइतकं कुणालाच जमत नसे. संपाच्या तडजोडी करून तयार झालेला माणूस तो.

त्यांचे समर्थक म्हणतात, काँग्रेसविरोध हा लोहियांचाच वारसा. ते मला अर्धंच पटतं. १९७९ ला ज्या मुद्द्यावर सरकार पडू दिलं तोच मुद्दा वीस वर्षांनी गैरलागू कसा झाला, याचं समाधानकारक उत्तर त्यांनी दिलं नाही. २००२ च्या गुजरात दंगलींवर संसदेत केलेल्या भाषणानंतर तर मुंबईतल्या कित्येक जुन्या साथींनी त्यांच्याशी मनातून नातं तोडलं.

संरक्षणमंत्री म्हणून कसे होते? शवपेट्यांचा घोटाळा खरा होता का?

१९९८ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि दोन महिन्यांत पोखरणचे अणुस्फोट झाले. अण्वस्त्रांना विरोध करणारा माणूस त्या सरकारचा संरक्षणमंत्री होता. चीनबद्दल ते स्पष्ट बोलत, राजनैतिक भाषेची पर्वा न करता. सियाचेनला ते वारंवार जात. तिथल्या जवानांना लागणाऱ्या बर्फावरच्या स्कूटरची फाईल मंत्रालयात अडली, तेव्हा त्यांनी संबंधित अधिकाऱ्यांनाच सियाचेन बघून यायला सांगितलं. हा किस्सा ऐकला की मला पालिकेतला जुना युनियनवाला दिसतो: साहेब, एकदा गटारात उतरून बघा, मग सही करा.

कारगिल युद्धानंतर अमेरिकन कंपनीकडून ॲल्युमिनियमच्या शवपेट्या महाग घेतल्याचा ठपका कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, ठेवला आणि संसदेत ‘कफन चोर’च्या घोषणा झाल्या. सीबीआयने २००९ मध्ये आरोपपत्र दाखल केलं त्यात जॉर्जचं नाव नव्हतं. त्या शिक्क्याने त्यांना आयुष्यभर पुरेल एवढी जखम मात्र दिली. तहलका प्रकरण वेगळं. मार्च २००१ मध्ये तहलका या वृत्तसंकेतस्थळाने संरक्षण सौद्यांतल्या लाचेच्या छुप्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रफिती बाहेर काढल्या, समता पक्षाच्या अध्यक्ष जया जेटली त्यात दिसल्या, आणि जॉर्जनी राजीनामा दिला. चौकशी पुरी व्हायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, ते परत मंत्री झाले. हे त्यांनी करायला नको होतं. २०२० मध्ये जेटलींना खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं, त्या शिक्षेला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

घरचं आयुष्य?

१९७१ मध्ये लैला कबीर यांच्याशी लग्न. माजी केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांच्या त्या कन्या. एक मुलगा. ऐंशीच्या दशकात दोघं वेगळे झाले, शेवटच्या आजारपणात लैला परत आल्या. राहणी मात्र शेवटपर्यंत युनियन ऑफिसातलीच. स्वतःचे कपडे स्वतः धुणारा मंत्री, आणि दिल्लीतल्या सरकारी बंगल्याच्या आवारात आसऱ्याला आलेले ब्रह्मदेशातले विद्यार्थी.

शेवटची वर्षं कशी गेली?

२००९ ला स्वतःच्याच पक्षाने, म्हणजे जनता दल युनायटेडने, तिकीट नाकारलं. मुझफ्फरपूरहून अपक्ष उभे राहिले आणि हरले. थोडा काळ राज्यसभेत होते. तोवर अल्झायमर आणि पार्किन्सनने घेरलं होतं. दहा भाषा बोलणारा माणूस अबोल झाला. २९ जानेवारी २०१९ ला दिल्लीत निधन, वय ८८. पद्मविभूषण मिळालं ते मरणोत्तर, २०२० मध्ये.

त्यांच्या युनियन मुंबईत अजून आहेत का?

आहेत, जोर पूर्वीचा नाही. जॉर्ज दिल्लीला गेल्यावर पालिका, बेस्ट आणि पुढे रिक्षाचालकांची धुरा बरीच वर्षं शरद राव यांनी वाहिली. ते २०१६ मध्ये गेले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव शशांक राव यांच्या नेतृत्वाखाली बेस्टचा नऊ दिवसांचा संप झाला. तो मिटून दोन आठवडे होत नाहीत तोच जॉर्ज गेल्याची बातमी आली. आता बेस्टच्या निम्म्याअधिक गाड्या भाडेतत्त्वावरच्या, चालक कंत्राटदाराचे. पालिकेचा कचराही बराचसा कंत्राटावर उचलला जातो. काळ्या-पिवळ्यांची जागा ॲपच्या गाड्या घेत आहेत आणि त्या चालकाला भेटायला गेटच नाही. द्वारसभा घ्यायची कुठे?

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक त्यांनीच काढली होती, हे खरं आहे का?

खरं आहे. मूळ नाव बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक, १९६८ मधली. त्या वेळी टॅक्सीवाल्याला कुठलीही मोठी बँक दारात उभी करत नसे. तारण काय देणार, पत काय? दुसऱ्याची टॅक्सी भाड्याने चालवणाऱ्याला स्वतःची गाडी घेता यावी, कामगाराला सावकाराच्या दारी जावं लागू नये, हा हेतू. पुढे बँक वाढली, नाव बदललं आणि कामगारांपलीकडचे ठेवीदारही आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये १२२ कोटींच्या अपहाराचं प्रकरण उघड झालं, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि शाखांबाहेर रांगा लागल्या. जॉर्जना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि बँकेच्या कारभाराशी त्यांचा संबंध त्याच्याही कितीतरी आधी संपला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. जुन्या पासबुकावर तुमचं खातं असेल तर आता चौकशी तिकडे करायची.